चौथरा कोणाचा?

पॅरिस शहराच्या पश्चिमेला सीन नदी ओलांडली की ला देफाँस हे कचेऱ्यांचे केंद्र लागते. काचेचे मनोरे, त्यांच्यामध्ये पसरलेला प्रचंड फरसबंद चौथरा आणि त्या चौथऱ्यातून वर आलेली 32 मीटर उंचीची एक चिमणी. चौथऱ्याच्या पोटातली हवा खेळती राहावी म्हणून ती बांधलेली आहे. रेमों मोरेत्ती या चित्रकाराने 1990 च्या दशकात तिच्याभोवती फायबरग्लासच्या 672 नळ्या उभ्या केल्या, 19 वेगवेगळ्या रंगांच्या. आता नकाशात ती कलाकृती म्हणून दाखवतात.

या परिसरात सत्तरच्या आसपास कलाकृती आहेत. त्यांत काल्डर, मिरो, सेझार अशी मातब्बर नावे आहेत. त्यांच्यापुढे मोरेत्तीची चिमणी म्हणजे तसे किरकोळ काम. मला मात्र तीच सगळ्यात बोलकी वाटते. भोवतालच्या मनोऱ्यांत बँका, विमा कंपन्या, तेल कंपन्या बसतात. चिमणी त्यांच्यापैकी कोणाचीही नाही. ती चौथऱ्याची आहे आणि चौथरा सार्वजनिक आहे. आपल्या अंगणात आलेल्या या कुरूप धुराड्याचे काय करायचे हा प्रश्न पडायला मुळात अंगणाला धनी असावा लागतो. इथे तो होता, म्हणून चित्रकाराला काम मिळाले.

मुंबई-पुण्यात हल्ली ‘पब्लिक आर्ट’ हा शब्द नगरनियोजनाच्या सादरीकरणांत सतत कानावर येतो. उड्डाणपुलांचे खांब रंगवले जातात, चौकांत धातूची शिल्पे बसतात, भिंतींवर फुलपाखरांचे पंख काढले जातात, म्हणजे त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढता यावा. परदेशातले असे आधुनिक व्यापारी केंद्र पाहून आलेला माणूस ‘आपल्याकडेही असे काहीतरी हवे’ म्हणतो. त्याला हवे असते ते शिल्प. माझे म्हणणे असे की आधी चौथरा मागायला हवा. शिल्पाचा क्रम त्यानंतरचा आहे.

ला देफाँस हे नाव एका पुतळ्यावरून पडले. 1870-71 च्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, त्या काळातल्या शहराच्या बचावाचे स्मारक म्हणून लुई-अर्नेस्त बारियास याचे ब्राँझचे शिल्प 1883 मध्ये इथल्या चौकात बसवले. स्पर्धेला विख्यात शिल्पकार रोदाँनेही आपले शिल्प पाठवले होते. परीक्षकांना ते पसंत पडले नाही. (स्पर्धांच्या परीक्षकांबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते तिकडेही खरे असावे.) पुढे बांधकामाच्या धामधुमीत बारियासचा पुतळा हलवावा लागला, 1983 मध्ये तो परत आला, आणि आता मनोऱ्यांच्या पायथ्याशी तो इतका लहान दिसतो की ज्याच्यावरून गावाला नाव मिळाले तो हाच, हे सांगावे लागते.

1958 मध्ये फ्रेंच सरकारने एपाद नावाचे प्राधिकरण स्थापन केले. प्युतो, कुर्बव्हा आणि नाँतेर या तीन गावांच्या हद्दीतली जमीन ताब्यात घ्यायची, तिथे कार्यालयांचे नवे केंद्र उभे करायचे, म्हणजे जुन्या पॅरिसच्या मध्यावर मनोऱ्यांचे आक्रमण होणार नाही, असा त्यामागचा हिशेब. प्राधिकरणाचा धंदा साधा होता. बांधकामाचे हक्क विकायचे आणि त्या पैशांतून पायाभूत सोयी करायच्या. पण ‘पायाभूत’ म्हणजे काय, याची त्यांची कल्पना नेहमीपेक्षा वेगळी निघाली. त्यांनी गाड्यांचे रस्ते, वाहनतळ, आगगाडी सगळे खाली ठेवले आणि त्यावर चौथरा घातला. त्याचे क्षेत्रफळ 31 हेक्टर आहे. एका टोकाच्या ग्रांद आर्श या कमानीसारख्या इमारतीपासून सीनच्या काठापर्यंत किलोमीटरभराहून जास्त अंतर आपण पायी जातो आणि वाटेत एकही गाडी आडवी येत नाही. वेगवान उपनगरी गाडी इथे 1970 मध्ये आली, मेट्रोची 1 क्रमांकाची मार्गिका 1992 मध्ये. आज सुमारे 1 लाख 80 हजार माणसे इथे कामाला येतात आणि त्यांतली बहुतेक जमिनीखालून उगवतात.

वास्तुकलेसाठी येणाऱ्यांनी क्नित ही इमारत चुकवू नये. 1958 ची, म्हणजे इथली सगळ्यांत जुनी. काँक्रीटची एकच कमान तीन टेकूंवर उभी आहे आणि दोन टेकूंमधले अंतर 218 मीटर आहे. मध्ये खांब नाही. प्रदर्शनांसाठी बांधलेल्या त्या दालनात नंतर दुकाने आणि कचेऱ्या शिरल्या, तरी बाहेरून पाहताना आजही छाती दडपते. बाकीच्या मनोऱ्यांबद्दल मला विशेष बोलायचे नाही. सुरुवातीला सगळे 100 मीटरचे, एकाच मापाचे ठरले होते; 1970 च्या दशकात ती शिस्त मोडली, उंची वाढत गेली, आणि त्याच सुमारास तेलसंकट आल्यामुळे काही वर्षे कचेऱ्यांना गिऱ्हाईक मिळेना. काचेचे मनोरे जगात सगळीकडे आहेत. ज्यासाठी इथपर्यंत यावे ते मनोऱ्यांच्या मध्ये आहे.

काल्डरचा लाल कोळी (जाळे विणणारा) 1976 चा. 15 मीटर उंच, 75 टन पोलाद. एवढे वजन असूनही तो टुणकन उडी मारील असे वाटते. तो ज्या वर्षी उभा राहिला त्याच वर्षी काल्डर गेला. दुपारी कचेरीतून बाहेर पडलेली माणसे त्याच्या पायांखालून जवळची वाट काढतात, मान वर न करता. हे मला फार आवडले. संग्रहालयात काल्डरसमोर आपण हात मागे बांधून उभे राहतो; इथे तो वाटेतला मांडव आहे. थोडे पलीकडे, मोठ्या मॉलसमोर, मिरोच्या दोन विचित्र आकृती आहेत, लाल, निळ्या, पिवळ्या, कोणा पोराने मातीत बनवून मग कोणीतरी फुगवल्यासारख्या. तिथे माणसे एकमेकांची वाट बघत थांबतात. सेझारचा अंगठा 12 मीटरचा आहे, नखापासून रेषांपर्यंत तंतोतंत, आणि तो कशासाठी आहे हे कोणालाही सांगता येत नाही. याकोव्ह अगामचे रंगीत मोझेकचे कारंजे आहे. अगदी पूर्वेच्या टोकाला ताकिस या ग्रीक शिल्पकाराचे पाण्याचे कुंड आहे, 1988 चे. त्यात 49 लवचीक दांडे कमीजास्त उंचीवर उभे आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाला रंगीत दिवा. रेल्वेच्या सिग्नलांवरून त्याला ही कल्पना सुचली होती. त्या कुंडाच्या काठावरून समोर सरळ रेषेत आर्क द त्रिओंफ ही पॅरिसची विजयकमान दिसते. संध्याकाळी दिवे लुकलुकू लागतात तेव्हा कुंडाकाठी डबा खात बसलेला माणूस आणि त्या रेषेच्या दुसऱ्या टोकाचा लुव्र राजवाडा यांच्यात काहीही अडसर नसतो.

इथे आपल्या सवयीबद्दल थोडे बोलले पाहिजे. आपल्याकडे सार्वजनिक शिल्प म्हणजे पुतळा. पुतळ्याला चौथरा असतो, पण तो माणसांसाठी नसतो, पुतळ्यासाठी असतो. त्याला कठडा असतो, जयंतीला हार असतो, तणाव असला की पोलिसांचा पहारा असतो. वि. पां. करमरकरांनी 1928 मध्ये घडवलेला पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा किंवा सदाशिव साठ्यांचा गेटवेसमोरचा, 1961 चा, ही शिल्प म्हणून थोर कामे आहेत. पण त्यांच्याकडे शिल्प म्हणून बघण्याची, घोड्याच्या मानेचा बाक कसा साधला आहे हे बोलण्याची मुभा आपण स्वतःलाच देत नाही. अलीकडे तर पुतळ्यांची चर्चा उंचीच्या आकड्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. काल्डरचा कोळी कोणाचाच पूर्वज नाही. त्याच्यामुळे कोणाची भावना दुखावत नाही, त्याला हार घालता येत नाही, त्याच्या विटंबनेवरून बंद पुकारता येत नाही. म्हणूनच त्याच्या पायांखालून जाता येते.

आणि नेमकी हीच गोष्ट ला देफाँसविरुद्ध वापरता येते. कोळी कोणाबद्दलच काही बोलत नाही, म्हणूनच तो कचेऱ्यांना चालतो, असा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. अमूर्त कला ही भांडवलाची सगळ्यात सभ्य सोबतीण आहे. बँकेच्या दारात मजुराचा पुतळा बसवला तर संचालकांना रोज त्याच्याकडे बघावे लागेल. लाल पोलादी कमानीकडे बघून कोणाला अपराधी वाटत नाही.

ला देफाँसच्या बाबतीत हा आक्षेप आणखी बोचतो, कारण ही जमीन रिकामी नव्हती. नाँतेरच्या बाजूला अल्जीरियन मजुरांच्या झोपडपट्ट्या होत्या. त्यांतल्या एका मोठ्या वस्तीचे नाव ‘ला फोली’ होते, आणि ती प्राधिकरणाच्या जमिनीवरच वसली होती. पॅरिसची बांधकामे आणि कारखाने चालवणारी माणसे पत्र्याच्या आणि फळ्यांच्या खोपट्यांत, चिखलात राहत होती. 17 ऑक्टोबर 1961 ला, अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, फक्त अल्जीरियनांवर लादलेल्या रात्रीच्या संचारबंदीविरुद्ध त्यांनी निःशस्त्र मोर्चे काढले. नाँतेरकडून निघालेल्या लोकांना पोलिसांनी नेयी पुलाजवळ अडवले आणि त्यांच्यावर तुटून पडले. हा पूल म्हणजे आज ताकिसच्या दिव्यांपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावरचा. त्या रात्री शहरभर किती माणसे मारली गेली आणि किती सीनमध्ये फेकली गेली यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. सरकारी आकडा खोटा होता याबद्दल मात्र वाद उरलेला नाही. पुढे वस्त्या हलवल्या, मनोरे वाढले. नाँतेरमध्ये आता त्या तारखेच्या नावाचा एक रस्ता आहे. पण ज्या कलाकृतींसाठी हा परिसर जगभर ओळखला जातो त्यांपैकी एकही त्या रात्रीबद्दल अवाक्षर काढत नाही. 1871 च्या वेढ्याचे ब्राँझ परत आणून बसवले गेले. 1961 साठी अंगठ्याएवढीही जागा निघाली नाही.

हा दोष मी झाकणार नाही. पण त्यावरून ‘सगळी सार्वजनिक कला म्हणजे पैशाची रंगरंगोटी’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे पटत नाही. शिल्प गप्प असले तरी जागा गप्प नसते. चौथऱ्यावर शाळकरी मुले स्केटबोर्ड घेऊन येतात, उपनगरांतली कुटुंबे रविवारी येतात, कामगार संघटनांचे मोर्चे येतात. त्यांतल्या कितीतरी जणांचा त्या मनोऱ्यांत बसणाऱ्यांशी काडीचा संबंध नाही. गावातल्या पारावर बसलेल्या माणसाला ‘इथे का बसलास’ म्हणून कोणी विचारत नाही, तसे इथे आहे. अर्थात पाराबद्दल बोलताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो की पारावर सगळ्यांना बसता येत नव्हते. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने 1924 मध्येच सर्वांना खुले झाले होते. तरी पाण्याला हात लावायला 1927 चा सत्याग्रह करावा लागला. कागदावरची मालकी आणि प्रत्यक्ष वावर यांच्यातली दरी महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. ला देफाँसच्या चौथऱ्यावरही बंदूकधारी सैनिकांची गस्त असते, आणि अरब किंवा आफ्रिकी चेहऱ्याच्या तरुणाला ओळखपत्र जास्त वेळा मागितले जाते हे फ्रान्समध्ये उघड गुपित आहे. तरीही जागा सार्वजनिक असेल तर त्या तरुणाला भांडता येते. आवार खासगी असले तर भांडणच संपते. पहारेकरी ‘ऑर्डर आहे’ म्हणतो आणि विषय मिटतो.

दुसरा आक्षेप नगररचनाकारांचा आहे. त्यांच्या मते चौथरा हीच मुळात चूक. माणसे वर आणि गाड्या खाली ही आधुनिकतावाद्यांची लाडकी कल्पना होती, आणि तिचे सगळे रोग इथे पाहायला मिळतात. वारा असा सुटतो की छत्री उलटी होते. पातळ्या इतक्या आहेत की समोर दिसणाऱ्या इमारतीचे दार सापडत नाही. भोवतालच्या वर्तुळाकार रस्त्याने हा भाग प्युतो आणि कुर्बव्हापासून तोडून टाकला आहे. शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईला इथे यायचे तर जिने शोधावे लागतात. कचेऱ्या सुटल्या की सामसूम. झाडांनाही खाली पुरेशी माती नाही. डॅन कायली या अमेरिकी उद्यानरचनाकाराने 1970 च्या दशकात झाडांच्या रांगा आखल्या त्या कुंडीतल्या झाडांसारख्याच जगतात. आता चौथऱ्याचे उद्यान करायचे बेत चालू आहेत.

हे सगळे मान्य. मी चौथऱ्याची नक्कल करा असे म्हणत नाही. गाड्या आणि माणसे एका पातळीवर ठेवूनही चांगले रस्ते होतात, उलट जास्त चांगले होतात. मला त्यातली घ्यायची आहे ती मालकी, काँक्रीट नव्हे. आणि मालकी स्वस्त पडत नाही, हेही इथेच दिसते. रिचर्ड सेराचे ‘स्लॅट’ हे शिल्प घ्या. एकमेकांना टेकून उभे केलेले पोलादाचे उंच, जाड पत्रे. 1980 च्या दशकात ते बसवले, लोकांनी त्यावर रेघोट्या मारल्या, आत घाण केली, शेवटी ते उतरवून गोदामात टाकले. 2008 मध्ये ते पुन्हा बाहेर आले, पण एका वाहतूक बेटावर, जिथे पायी कोणी सहज पोचत नाही. सार्वजनिक कलेचे असे अपमान सार्वजनिक जागेतच होतात. हक्क विकून बांधणे सोपे होते. फरशा बदलणे, दिवे लावणे, कोळ्याला रंग देणे यांसाठी पैसा कोणी द्यायचा यावर सरकार आणि गावे यांच्यात वर्षानुवर्षे रस्सीखेच चालली. 2009 मध्ये देखभालीसाठी वेगळी सार्वजनिक संस्था काढावी लागली आणि 2018 मध्ये विकास आणि देखभाल एकाच छत्राखाली आणावी लागली.

सरकारी चौथऱ्यावरही सार्वजनिक हेतू कसा हरतो याचे उदाहरण तर पश्चिमेच्या टोकाला ग्रांद आर्शच्या रूपाने उभेच आहे. अध्यक्ष मितराँ यांनी 1983 मध्ये 424 प्रवेशिकांतून एका डॅनिश वास्तुकाराचा आराखडा निवडला. योहान ओटो फॉन स्प्रेकलसन. तोवर त्याने स्वतःचे घर आणि काही चर्च एवढेच बांधले होते. त्याने सुमारे 110 मीटर बाजूचा, मधून आरपार उघडा, पांढरा घन काढला. खालच्या बोगद्यांमधून पाया नेण्यासाठी तो मुख्य अक्षापासून किंचित तिरका, 6 अंशांहून थोडा जास्त वळवावा लागला, आणि ती तिरकस उभारी त्याला शोभून दिसते. आत आंतरराष्ट्रीय संवादाचे एक सार्वजनिक केंद्र व्हायचे होते. 1986 मध्ये सरकार बदलले, ते केंद्र रद्द झाले, आत कचेऱ्या घालायचे ठरले. स्प्रेकलसन राजीनामा देऊन गेला आणि 1987 मध्ये वारला. काम पॉल आंद्र्यूने पुरे केले. फ्रेंच राज्यक्रांतीला 200 वर्षे झाली म्हणून 1989 च्या जुलैमध्ये उद्घाटन झाले आणि सात श्रीमंत देशांच्या प्रमुखांची परिषद त्याच्याच माथ्यावर भरली. पुढे इटलीच्या ज्या संगमरवराचा एवढा हट्ट होता तो वाकू लागला आणि त्याच्या जागी ग्रॅनाइट बसवायची वेळ आली. आत लोकांसाठी काय उरले याचे उत्तर बाहेरच्या पायऱ्यांवर मिळते. दुपारी तिथे शेकडो माणसे बसलेली असतात. त्यांच्या पाठीमागे मंत्रालयाची आणि कंपन्यांची दालने, पुढे थेट पॅरिस. पायऱ्या तेवढ्या कोणाला विकता आल्या नाहीत.

हे सगळे मराठी वाचकाला सांगायचे कारण मुंबईच्या पूर्व वांद्र्यात आहे. वांद्रे-कुर्ला संकुल आणि ला देफाँस यांची तुलना हौसेची नाही. दोन्हींचा सांगाडा एकच आहे. 1975 मध्ये मुंबईसाठी प्रादेशिक विकास प्राधिकरण स्थापन झाले, 1977 मध्ये मिठीकाठच्या सुमारे 370 हेक्टरांसाठी त्याला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. दक्षिण मुंबईवरचा कचेऱ्यांचा भार हलवायचा, हा हेतू. दलदलीवर भराव पडला, भूखंड 80 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले, त्या पैशांतून महानगरात पूल आणि मेट्रो झाले. म्हणजे तिथेही सरकारी धनी, इथेही सरकारी धनी. तिथेही हक्कांची विक्री, इथेही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मिठीच्या आक्रसलेल्या पात्राबरोबर या भरावाचीही चर्चा झाली. पण इमारती थांबल्या नाहीत. शेअर बाजार आला, हिरे बाजार आला, वकिलाती आल्या, मोठे सांस्कृतिक केंद्र आले, 2024 मध्ये भुयारी मेट्रो आली.

फरक जमिनीवर दिसतो. वांद्रे-कुर्ला संकुलात रस्ता सार्वजनिक आहे आणि रस्त्याच्या कडेला कुंपण सुरू होते. कुंपण, फाटक, पहारेकऱ्याची खोली, आडवा दांडा, मग आणखी एक कुंपण. प्रत्येक भूखंड स्वतःभोवती गोल फिरतो. दोन इमारतींच्या मधून पलीकडच्या रस्त्याला जायचे म्हटले तर भूखंडाला वळसा. कलाकृती नाहीत असे नाही. दिवाणखान्यांत आहेत, काचेआड आहेत, ओळखपत्र गळ्यात असणाऱ्यांना लिफ्टची वाट बघताना दिसतात. खासगी आवारातले संगीतावर नाचणारे कारंजे पाहायला माणसे हौसेने जातात, आणि जावे. मला त्यात काही वावगे दिसत नाही. फक्त त्या गर्दीवरून एवढे समजून घ्यावे की मुंबईकरांना अशी जागा हवी आहे आणि ती त्यांना कोणाच्या तरी सौजन्याने मिळते आहे.

शिवाय या संकुलाच्या उंबऱ्यावर कोण राहत होते पाहा. चित्रकार-शिल्पकारांसाठी वसवलेले कलानगर आणि मराठी लेखकांची वसाहत, साहित्य सहवास. हाकेच्या अंतरावर इतके कलावंत असताना प्राधिकरणाने भूखंड आखले, रस्त्यांची रुंदी ठरवली, चटईक्षेत्र ठरवले. या आखणीत त्यांना कोणी चहाला तरी बोलावले होते का?

कला आणि बांधकाम यांची सांगड घालणे आपल्याला जमत नाही, ही सबबही चालणार नाही. होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीसाठी खर्चाचा एक टक्का कलेवर लावण्याची परवानगी पंडित नेहरूंकडून मिळवली. तिथे हुसेनचे भव्य भित्तिचित्र आहे, त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या महत्त्वाच्या भारतीय चित्रकारांची कामे आहेत. फ्रान्सने शाळांच्या बांधकामाचा एक टक्का कलेसाठी राखण्याचा नियम 1951 मध्ये केला. भाभा त्यांच्या फार मागे नव्हते. पण ती संस्था फाटकाच्या आत आहे, आणि तिथल्या कामाचे स्वरूप पाहता ते समजण्यासारखे आहे. पुढे मुंबई विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये हजारो कलावस्तूंचे मोठे प्रदर्शन मांडले गेले. ते बघायला विमानाचे तिकीट लागते. आपली चांगली कामे अशी एकेका फाटकाआड जाऊन बसली आहेत.

एका बाबतीत तर आपण फ्रेंचांच्या पुढे आहोत. तिथे सार्वजनिक जागेतल्या शिल्पाचा फोटो विकायचा असेल तर कलाकाराच्या हक्काची अडचण येते. कायद्याने सूट दिली तीही 2016 मध्ये, आणि फक्त खासगी, बिनव्यापारी वापरापुरती. भारताचा स्वामित्वहक्क कायदा कायमस्वरूपी सार्वजनिक जागेत असलेल्या शिल्पाचा फोटो खुशाल काढू देतो. कायदा इतका उदार, आणि रस्त्यावर उभे राहून एखाद्या इमारतीकडे मोबाइल वळवला की शिट्टी वाजते.

तेव्हा मागणी काय करायची? संकुलात एखादा मोठा कोळी किंवा अंगठा आणून बसवा, ही नक्कीच नाही. तो बसेल, त्याच्याभोवती साखळी येईल, उद्घाटनाची कोनशिला शिल्पापेक्षा मोठी असेल. मागायचे ते भाडेपट्ट्यातले कलम. नवा भूखंड देताना किंवा जुन्याला वाढीव चटईक्षेत्र देताना तळमजल्याची मोकळी जागा कुंपणाशिवाय राहील, शेजारच्या भूखंडाला जोडली जाईल, आणि तिच्यावर चोवीस तास कोणालाही चालता-बसता येईल, असे त्यात लिहा. सावली, पाणी, स्वच्छतागृह हे त्याच कलमात घाला, कारण मुंबईच्या मे महिन्यात यांच्याशिवाय बसायचा हक्क म्हणजे थट्टा आहे. बांधकामाच्या खर्चातला ठरावीक हिस्सा कलेसाठी घ्या, पण तो दिवाणखान्यात नको. या जोडलेल्या जागेवर लागला पाहिजे, आणि निवड करणाऱ्यांत दृश्यकला जाणणारी माणसे हवीत, नुसते कार्यकारी अभियंते नकोत. देखभालीचा पैसा पहिल्या दिवशी वेगळा काढा. ला देफाँसला ते उमगायला 50 वर्षे लागली. आणि पहिल्या कामांपैकी एखादे काम, ज्यांच्या दलदलीवर आणि वस्त्यांवर हे सगळे उभे राहिले त्यांच्याविषयी असू द्या. तेवढे केले तर पॅरिसच्या पुढे गेलो असे मी खुशाल म्हणेन.

‘मोकळी जागा दिली तर फेरीवाले येतील, पोरे येऊन बसतील’ हे उत्तर मिळणारच. येतील. आजही संकुलात दुपारी फिरून बघा. जेवणाची पार्सले घेऊन आलेली मुले मोटरसायकलवरच आडवी होतात, साहेबांचे ड्रायव्हर गाडीत काचा उघड्या टाकून झोपतात, पाळी संपलेला पहारेकरी पदपथाच्या कडेला उकिडवा बसून चहा पितो. ही माणसे तिथे आधीच आहेत, दिवसाचे दहा-बारा तास आहेत, आणि संकुल त्यांच्यावरच चालते. त्यांना बसायला जागा नाही एवढेच. पुढच्या भूखंडाचा लिलाव होईल तेव्हा चौरस मीटरमागे किती लाख आले याचा मथळा होईल. त्याच बातमीत कुंपणाबद्दल काय ठरले ते कोणीतरी विचारायला हवे, कारण एकदा सही झाली की पुढची 80 वर्षे तो विषय निघत नाही.